सुमो, ५१२ आणि दुरुस्तीचा हिशोब

चाचांनी हिशोब व्हॉट्सॲपवर पाठवला. इंजिन उतरवणं आणि खोलणं, बोअर, पिस्टन-रिंग, हेडचं फेसिंग, डिझेल पंप आणि नोझल, क्लचप्लेट, रेडिएटर, पुढचं वायरिंग, दारांखालचा सडलेला पत्रा. शेवटी आकडा : एक लाख अडतीस हजार. त्याखाली एक ओळ : 'इंजन खुलने के बाद फायनल बोलूंगा.'

गाडी म्हणजे आमची टाटा सुमो. २००१ची, एमएच-१२, मूळ रंग पांढरा. पप्पांनी ती २००८ साली एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. खडकी बाजारातून गल्लीत वळताना ती पहिल्यांदा आली आणि शेजारच्या पोरांसकट आम्ही अकरा जण तिच्यात बसून होळकर पुलापर्यंत चक्कर मारून आलो, हे मला अजून आठवतं. आता ती सकाळी तीनदा सेल्फ मारल्याशिवाय उठत नाही, उठली की निळसर धूर सोडते आणि दर हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते. बाजारात तिला लाखभर रुपयेसुद्धा कोणी देणार नाही. म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त.

त्यात यंदाच्या मेमध्ये तिचं पासिंग संपतंय. पंधरा वर्षं झाल्यावर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. आमची २०१६ मध्ये झाली, २०२१ मध्ये झाली. तेव्हा त्याचं शुल्क ६०० रुपये होतं. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. पर्यावरण कर वेगळा. सरकार काय सुचवतंय ते समजायला फार हुशारी लागत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हिंजवडीत काम करतो. मला नव्या एसयूव्हीचा हप्ता परवडतो, म्हणजे बँक तरी तसं म्हणते. मी घरी एक्सेल शीट करून दाखवली. एका बाजूला दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला स्क्रॅप अधिक नवी गाडी. पप्पांनी चष्मा लावून शीट नीट वाचली आणि विचारलं, "हे बीईआर कोणी ठरवलं? तू?"

या लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

बीईआर म्हणजे काय

बीईआर म्हणजे 'बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर'. लष्करी वर्कशॉपमधला शब्द. एखादं वाहन किंवा यंत्र दुरुस्त होऊ शकतं, पण करण्यात अर्थ नाही, असं ठरलं की त्यावर हा शिक्का बसतो. पप्पा खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर होते. औंधच्या आयटीआयमधून निघाले, भरती झाले आणि साठाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. खडकीत त्या जागेला कोणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. 'पाचशे बारा' म्हटलं की पुरतं.

पुण्याबाहेरच्या वाचकांना खडकी माहीत असते ती शाळेच्या पुस्तकातून : ५ नोव्हेंबर १८१७, पेशवे आणि इंग्रज यांची लढाई. पण आमच्यासारख्या इथं वाढलेल्यांची खडकी त्यानंतरची आहे. छावणी आली, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे याच बाजूनं गेली, १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना उभा राहिला. पुढं बॉम्बे सॅपर्स, स्फोटकांचा कारखाना, चिलखती वाहनांचा मध्यवर्ती डेपो. अर्ध्या गावाचे बाप सकाळी सायकलवर डबा लावून कुठल्या ना कुठल्या गेटमधून आत जायचे. आत काय चालतं, हे घरी फारसं बोललं जात नसे.

एवढं मात्र आम्हाला कळायचं की पाचशे बारामध्ये नवं काही बनत नाही. जुनं आत जातं आणि चालू होऊन बाहेर येतं.

दुरुस्तीचं खातं

यामागं एक इतिहास आहे आणि तो दुसऱ्या महायुद्धातला आहे. त्याआधी सैन्यातली दुरुस्ती वाटली गेलेली होती. तोफा एका खात्याकडं, ट्रक दुसऱ्याकडं, इंजिनिअरांची यंत्रं तिसऱ्याकडं. युद्ध मोटारींवर चालायला लागल्यावर हे जमेना. वाळवंटात शंभर रणगाडे पाठवले आणि त्यातले चाळीस बंद पडले, तर प्रश्न नवे रणगाडे कधी येणार हा नसतो; ते चाळीस पुन्हा कधी उभे राहणार हा असतो. ब्रिटननं १९४२ मध्ये दुरुस्तीसाठी वेगळं दल काढलं आणि भारतात १९४३ मध्ये तसंच दल आलं. आज ते ईएमई म्हणून ओळखलं जातं. १५ ऑक्टोबर हा त्यांचा स्थापना दिवस. दिल्ली, जबलपूर, आग्रा, मेरठ, अलाहाबाद, बंगळूर, खडकी या ठिकाणच्या बेस वर्कशॉप्सची साखळी हा त्याच रचनेचा भाग.

या दलाचं तत्त्व साधं आहे. बिघाड झाला तिथून जितक्या जवळ शक्य तितक्या जवळ दुरुस्ती करायची. युनिटमध्ये जमलं नाही तर मागच्या फील्ड वर्कशॉपमध्ये, तिथंही जमलं नाही तर बेस वर्कशॉपमध्ये. बेसला आलेलं वाहन म्हणजे सगळ्यांनी हात टेकलेलं वाहन. तिथं त्याचं ओव्हरहॉल होतं : पूर्ण सुटं करायचं, प्रत्येक भाग धुऊन, मोजून, तपासून बघायचा आणि मग पुन्हा जोडायचा.

पप्पांच्या बोलण्यात या कामाचे तीन ढीग नेहमी येतात. चालेल. दुरुस्त होईल. टाकून द्यायचं. त्यांच्या मते चांगला फिटर आणि वाईट फिटर यांच्यातला फरक हातात नसतो, भाग कुठल्या ढिगात टाकायचा या निर्णयात असतो. वाईट फिटर भीतीनं सगळंच तिसऱ्या ढिगात टाकतो, किंवा आळसानं सगळंच पहिल्यात.

माझी एक्सेल शीट त्यांना का पटली नाही, ते मला इथं समजलं. मी आख्खी गाडी एकाच ढिगात टाकली होती. आधी खोलून बघितली नव्हती.

आधी दुकान, मग कारखाना

आपल्याकडच्या उद्योगांचा इतिहास सांगताना आपण कारखान्याच्या उद्घाटनापासून सुरुवात करतो. पण त्याच्या मागं गेलं की बऱ्याचदा दुरुस्तीचं नाहीतर जोडणीचं एखादं दुकान सापडतं.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर लक्ष्मणराव किर्लोस्कर रस्ता आहे. तिथं १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. डिझेल इंजिन आणि खडकी हे नातं तेव्हापासूनचं. पण किर्लोस्करांची सुरुवात इंजिनापासून नाही. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते आणि १८८८ मध्ये त्यांच्या कुटुंबानं बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या, लोकांना चालवायला शिकवायच्या. त्यानंतर कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी आली. खडकीचं इंजिन या रांगेत खूप नंतर येतं. पाटणजवळच्या आमच्या गावी आजोबांच्या विहिरीवर असंच एक इंजिन होतं. मी ते चालू पाहिलं नाही, पण ते कसं खोलायचं हे गावातल्या निम्म्या माणसांना पाठ होतं, असं पप्पा सांगतात. ज्या गावात मेकॅनिक रोज येऊ शकत नाही, तिथं विकायचं इंजिन शेतकऱ्याला पाना घेऊन खोलता आलं पाहिजे.

जीपची गोष्टही तशीच. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्करानं १३५ कंपन्यांकडं एका हलक्या चारचाकीची मागणी केली. नमुना द्यायला मुदत ४९ दिवस. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं तो वेळेत दिला. मोठी ऑर्डर मात्र विलिस आणि फोर्डला मिळाली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, पण एकीचा भाग दुसरीला बसायचा. कारण रणांगणावर सैनिकानं एका मोडक्या जीपचा भाग काढून दुसरीला लावायचा होता, कंपनी बघायला वेळ नव्हता.

युद्ध संपलं त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली, पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. मुंबईत माझगावला सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि त्यातून विलिस जीप जोडल्या जायच्या. आज जिला आपण 'एसयूव्ही' म्हणतो, तिचा महाराष्ट्रातला जन्म असा जोडणीच्या शेडमध्ये झाला. पुढची कित्येक वर्षं हीच जीप तहसीलदाराची, पोलिसाची, साखर कारखान्याच्या चेअरमनची आणि शेवटी वडापची गाडी होती. नवात बसणारी आणि पंधरा जणांना नेणारी.

ट्रकवाल्यांची गाडी

सुमो या रांगेत बरीच नंतर आली, पण ती आमच्या शेजारची. खडकीतून जुन्या मुंबई रस्त्यानं बोपोडी, दापोडी, कासारवाडी मागं टाकलं की पिंपरी. टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, तिथला कारखाना.

टेल्को १९४५ मध्ये जमशेदपूरला रेल्वे इंजिनं बनवण्यासाठी सुरू झाली. १९५४ मध्ये डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून ट्रक बनवू लागली. करार १९६९ मध्ये संपला तोपर्यंत कंपनी स्वतःच्या पायावर उभी होती. पुण्याची जागा १९६६ पासूनची, पण पुण्यात बनलेला पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ मध्ये. मधली वर्षं हत्यारं, साचे आणि माणसं घडवण्यात गेली. ॲप्रेंटिसांचं प्रशिक्षण आणि मशीन टूल्स आधी, गाडी नंतर. हा आग्रह सुमंत मुळगावकर यांचा होता. माळरानावर झाडं लावणारे आणि तळं करून घेणारेही तेच.

'सुमो' हे नाव त्यांचंच. सुमंतमधला 'सु' आणि मुळगावकरमधला 'मो'. जपानी कुस्तीशी संबंध नाही. व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरत असते की मुळगावकर दुपारी जेवायला ढाब्यावर जायचे आणि ट्रकचालकांना गाडीत काय त्रास होतो ते विचारायचे. फॉरवर्डला पुरावा जोडलेला नसतो. पण ती एवढी का फिरते, हे कळतं. गाडी बनवणाऱ्यानं गाडी वापरणाऱ्याचं ऐकावं, ही लोकांची जुनी अपेक्षा आहे.

मुळगावकर १९८९ मध्ये गेले. पिंपरीच्या कारखान्यासाठी ते वर्ष दुसऱ्या कारणानंही कठीण होतं. रतन टाटा नुकतेच टेल्कोचे अध्यक्ष झाले होते. कामगारांचा राजन नायर यांच्या नेतृत्वाखालचा लढा टोकाला गेला. त्या सप्टेंबरमध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले आणि अखेर पोलिसांनी पहाटेच्या अंधारात त्यांना उचलून नेलं. संप मोडला. पुण्यातल्या कामगार वस्त्यांमध्ये आजही यावर दोन बाजूंनी बोलणारे लोक भेटतात. सुमोचा इतिहास सांगताना हे वगळलं तर नुसती जाहिरात उरते. तो कारखाना पंधरा-वीस वर्षं शिकवून तयार केलेल्या हातांवर चालत होता आणि त्या हातांचं म्हणणं काय, हा प्रश्न तिथं सुटला नव्हता.

यानंतर पाच वर्षांनी, १९९४ मध्ये, सुमो आली. तिच्याआधी १९८८ मध्ये टाटामोबिल २०६ हा पिकअप आला होता. त्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि मग ही दहा जणांची डबाबंद पेटी. तीन वर्षांत एक लाख सुमो विकल्या गेल्या. वऱ्हाडाला सुमो, शिर्डीला सुमो, प्रचाराला सुमो, ॲम्ब्युलन्स म्हणून सुमो.

ट्रक बनवणाऱ्या लोकांनी बांधलेली गाडी असल्यामुळं तिच्यात एक गोष्ट आपोआप आली. खाली शिडीसारखी लोखंडी चेसिस, तिच्यावर बोल्टनं बसवलेली बॉडी. पत्रा सडला तर कापून नवा जोडता येतो, चेसिसला धक्का लागत नाही. पिकअपशी नातं असल्यामुळं बरेच भाग सामायिक, म्हणून तालुक्याच्या गावीही मिळतात. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, त्यात संगणक नाही. चाचा त्याचा आवाज ऐकून कुठला नोझल खराब आहे ते सांगतात. नवीन गाडीत हे काम आधी लॅपटॉप करतो, आणि तो लॅपटॉप काय बोलतो हे वाचायचा अधिकार कोणाला, हा जगभरचा वाद आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला द्यावी, असा कायदा मताला टाकून करून घेतला. आपल्याकडं केंद्र सरकारनं २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही तिची चार क्षेत्रं. सुमोला या हक्काची गरज पडत नाही. तिच्यात कुलूप लावण्यासारखं काही नव्हतंच.

इथपर्यंत आल्यावर पप्पांशी भांडण

हे सगळं वाचून, विचारून मी बराचसा पप्पांच्या बाजूला झुकलो होतो. मग ताई आली. तिला सातवा महिना. ती म्हणाली, "गावी जाताना मी या गाडीत बसणार नाही. बाळालाही बसवणार नाही." पप्पा चिडले. "तू याच गाडीत मोठी झालीस." ताई म्हणाली, "म्हणून काय झालं?"

तिचं बरोबर होतं. आमच्या सुमोत एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागच्या आडव्या सीटना पट्टे नाहीत. जी मजबूत चेसिस आपण कौतुकानं दाखवतो, ती धडकेचा जोर शोषत नाही, आत बसलेल्यांपर्यंत पोहोचवते. नव्या गाडीचा पुढचा भाग चुरगळतो तो कमकुवत म्हणून नव्हे, तर माणूस वाचावा म्हणून. २०१९ मध्ये देशात चालकाची एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले आणि त्याच वर्षी सुमोचं उत्पादन थांबलं. हा निव्वळ योगायोग नाही. ती नव्या नियमांत बसणारी गाडी नव्हती.

धुराचंही तसंच. आमची गाडी २००० साली लागू झालेल्या मानकांतली, म्हणजे युरोपातल्या पहिल्या पायरीच्या तोडीची. आज विकली जाणारी डिझेल गाडी एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मधली. मधल्या पायऱ्या या बहुतेक धुरातली काजळी आणि वायू कमी करण्यासाठीच होत्या. इंजिन नवं केलं तर निळा धूर थांबेल, ऑइल जळणं थांबेल. पण ते २००१चंच इंजिन राहील. पीयूसी मिळालं म्हणजे बीएस-६ झालं, असं नाही.

आणि दुरुस्तीचा जो अभिमान आपण बाळगतो, त्याचाही हिशोब केला पाहिजे. आपल्या आधीच्या पिढीनं स्कूटर वीस वर्षं चालवली ती दुरुस्तीवर प्रेम होतं म्हणून नाही. नव्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आयात बंद, परवाने मोजके, पगार तुटपुंजे. दुरुस्ती ही त्यांची मजबुरी होती. पप्पांनी हे ऐकून मान हलवली. पण पुढं म्हणाले, "मजबुरीनं शिकलो, बरोबर. पण शिकलो ना."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. सायकलच्या दुकानातून नांगर, जोडणीच्या शेडमधून जीप, ॲप्रेंटिसच्या वर्गातून ट्रक. प्रत्येक ठिकाणी आधी कोणीतरी दुसऱ्याचं यंत्र खोललं होतं. मी चार वर्षं मेकॅनिकल शिकलो, कॅम्पसमधून सॉफ्टवेअरमध्ये गेलो, आणि आजवर एकही इंजिन स्वतः खोललेलं नाही. कामावर मी वीस वर्षं जुना कोड सांभाळतो. तिथं मात्र कोणी 'सगळं पुन्हा लिहू' म्हणालं की मी सगळ्यात आधी विरोध करतो, कारण त्या कोडमध्ये कोणालाच न आठवणारी उत्तरं दडलेली असतात. घरी मी तेच म्हणत होतो : स्क्रॅप करू, नवी घेऊ.

अपग्रेडचा मोह

एकदा खर्च करायचा ठरला की यादी वाढते. चुलतभावानं सुचवलं, टर्बो टाक, मोठे टायर टाक, पुढं बुलबार लाव, आत टचस्क्रीन. रीलमध्ये अशा जुन्या सुमो खूप दिसतात.

इथं कायदा मध्ये येतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपात मनानं बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. बुलबारला २०१७ च्या डिसेंबरमध्येच केंद्रानं मनाई केली. पण कायदा बाजूला ठेवला तरी पप्पांचं म्हणणं सोपं होतं. ब्रेक, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्स ज्या ताकदीसाठी बनवले, त्याच्यापेक्षा जास्त ताकद त्यांच्यावर टाकली की पुढचा बिघाड आपण स्वतः विकत घेतो. अपग्रेडनं गाडी नवी होत नाही, फक्त तिचे जुने भाग एकेक करून उघडे पडतात.

मग आम्ही दुरुस्ती आणि अपग्रेड हे दोन प्रश्न वेगळे केले. माझ्या शीटमध्ये ते एकाच रकान्यात होते.

तीन ढीग

शीट पुसली आणि पप्पांच्या पद्धतीनं कागदावर लिहिलं.

पहिली अट चेसिसची. गाडी लिफ्टवर चढवून, माती खरवडून, हातोडीनं ठोकून बघायची. चेसिस सडली असेल तर तिथंच थांबायचं, एक रुपयाही घालायचा नाही, गाडी सरळ नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रावर. तिथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, ती घ्यायची.

दुसरी अट खर्चाची. कमाल दीड लाख. त्यावर गेलं तर बीईआर, आणि तो शिक्का पप्पा स्वतः मारणार.

तिसरी अट वापराची. रोजची गाडी म्हणून नाही. मी मेट्रोनं आणि दुचाकीनं जातो तसाच जाणार. सुमो गावी जाण्यासाठी, तांदळाची पोती आणण्यासाठी, पावसाळ्यात पाटणच्या घाटरस्त्यासाठी. मागच्या आडव्या सीटवर कोणी बसायचं नाही, त्या काढून टाकायच्या. एक्स्प्रेस वेवर न्यायची नाही. ताई आणि बाळ तिच्या गाडीतून येणार. यावर पप्पा दोन दिवस काही बोलले नाहीत, मग स्वतःच ताईला फोन केला.

चौथी अट तारखेची. आता पासिंग झालं तर पुढची तारीख मे २०३१. तेव्हा गाडी तीस वर्षांची असेल. तेव्हा हा विचार पुन्हा करायचा नाही, ती जाणार. हे मी लिहिलं आणि पप्पांनी खाली सही केली, ऑफिसच्या कागदावर करतात तशी.

पाचवी अट त्यांची होती. इंजिन खोलताना मी हजर राहायचं. फोन खिशात.

गेल्या दोन शनिवारी मी चाचांच्या गॅरेजमध्ये होतो. चेसिस चांगली निघाली, मागच्या एका कोपऱ्यात वरवरचा गंज, तो घासून निघाला. दुसऱ्या शनिवारी हेड उतरलं. पप्पांनी माझा हात धरून पहिल्या सिलिंडरच्या वरच्या कडेवर ठेवला. "नख फिरव. आतून वर." पिस्टनची रिंग जिथपर्यंत येते तिथपर्यंत धातू झिजतो, त्याच्यावरचा काठ तसाच राहतो. झीज जास्त असली की नख त्या पायरीला अडकतं. पहिल्याला अडकलं नाही. दुसऱ्याला थोडं. तिसऱ्याला आणि चौथ्याला सरळ अडकलं. मग चाचांनी गेज लावून मोजलं आणि आकडे तेच बोलले.

नवा हिशोब एक लाख सेहेचाळीस हजार झाला. मर्यादेच्या चार हजार आत. पप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली आणि चाचांनी ब्लॉक लेथवाल्याकडं पाठवायला टेम्पो बोलावला.

ट्रेमध्ये चार पिस्टन, नोझल, वॉल्व्ह आणि डझनभर बोल्ट डिझेलमध्ये बुडवून ठेवलेले होते. पप्पा खुर्चीवर बसले, ट्रे माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "चल, ढीग कर. चूक झाली तर सांगतो."